मधली भिंत, पागोळी आणि धुराडं

शहापूर आणि मुरबाडकडच्या गावांत भिंतीचं भांडण होळीनंतर उभं राहतं आणि मृगाच्या तोंडावर पेटतं. छप्पर उघडायचं, कौलं चाळायची, कुजलेले वासे बदलायचे, नवा पाया खणायचा, ही सगळी कामं याच तीन महिन्यांत होतात. बाहेर कामाला असलेली माणसं शिमग्याला, लग्नसराईला गावी येतात तीही याच दिवसांत. हातात टेप घेतलेला गवंडी, नुकताच मिळालेला घरकुलाचा पहिला हप्ता आणि कल्याणहून सुट्टीवर आलेला भाऊ एका अंगणात जमले की मधल्या भिंतीचा विषय निघतोच.

या भागात सामाईक भिंत जन्माला येते ती मुख्यतः भाऊबंदकीतून. पाड्यांवरची घरं सुटी, चारही बाजूंनी मोकळी. तिथे भिंत सामाईक असण्याचा प्रश्न सहसा येत नाही. पण किन्हवली, डोळखांब, सरळगाव, धसई अशा मोठ्या गावांच्या जुन्या आळ्यांत लांबलचक घरं असतात. एक आढं, एक छप्पर, पुढे सलग ओटी. दोन भाऊ वेगळे निघाले तेव्हा माजघराच्या मध्यावर भिंत घातली, ओटीवर अर्धी कुडण केली आणि दोन चुली झाल्या. छप्पर मात्र एकच राहिलं. पुढची पिढी चुलतभावांची, तिच्या पुढची नुसती शेजाऱ्यांची. वाटणी तोंडी झालेली. कागद असला तर शेताचा, घराचा नाही.

आता यातल्या एकाला घरकुल मंजूर झालं असं धरू. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली सुरू झाली. किमान २५ चौरस मीटरचं घर आणि सपाट भागात १ लाख २० हजार रुपयांचं साहाय्य, तेही बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे हप्त्यांनी. जोतं झालं नाही तर पुढचा हप्ता नाही, म्हणून लाभार्थी घाईत असतो. तो आपलं अर्धं घर उतरवतो. आढ्यावर करवत चालते, कौलं काढून रचून ठेवली जातात, आणि आजवर घरातली असलेली मधली भिंत एका दिवसात बाहेरची होते.

ती भिंत बाहेरची म्हणून कधी बांधलेलीच नसते. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या विटा, वर शेणामातीचा गिलावा. काही ठिकाणी तर कारवीचा कूड लिंपलेला. इकडे वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. झड आडवी येते. पहिल्या दोन आठवड्यांत गिलावा सुटतो, मग सांध्यांतली माती वाहते, आणि श्रावणाच्या आत विटा घराच्या आत ढासळू लागतात. मग संवाद ठरलेला: ‘‘भिंत तुझ्या बाजूची, तू बघ.’’ ‘‘उघडी कोणी पाडली? त्यानं झाकावी.’’ दोघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं असतं, म्हणून ते मिटत नाही.

माझं म्हणणं असं की इथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतवले जातात. भिंत कोणाची, हा एक. पावसाआधी ती कोण आणि कशी दुरुस्त करणार, हा दुसरा. पहिल्याचा निकाल लागायला वर्षं जातात. दुसऱ्याला ७ जूनपर्यंतची मुदत असते. पहिला सुटल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही असं जिथे ठरतं, तिथे भिंत पडते आणि मग भांडण उरतं ते नुसत्या ढिगाऱ्याचं.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. इंग्लंडमध्ये १९९६चा सामाईक भिंतींचा स्वतंत्र कायदा आहे. तिथे सामाईक भिंतीला हात लावण्याआधी शेजाऱ्याला दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते, वाद झाला तर दोघांनी मिळून एक पाहणीतज्ज्ञ नेमायचा किंवा प्रत्येकाने आपापला, आणि त्यांचा निवाडा पाळायचा. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही. आहे तो १८८२चा भारतीय सुविधाधिकार कायदा. तो सुरुवातीला मुंबई इलाख्याला लागू नव्हता, १८९१ साली झाला. जुना आहे, पण त्यातली उदाहरणं जणू आपल्या आळीत बसून लिहिली आहेत.

वाटणीच्या घरांसाठी त्यातलं १३वं कलम सगळ्यांत मोलाचं. सामाईक मालमत्तेची वाटणी झाली, आणि एकाच्या वाट्याचा उपभोग घ्यायला दुसऱ्याच्या वाट्यावरची एखादी सोय आवश्यक असेल, तर ती सोय वाटणीबरोबरच मिळते. जी सोय डोळ्यांना दिसणारी आणि सतत चालू आहे, ती वाटणीच्या वेळी जशी होती तशी पुढे चालते. उलट काही ठरलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे धाकट्याचं आढं थोरल्याच्या बाजूच्या भिंतीवर टेकलेलं असेल, तर तो टेकू त्याला वाटणीच्या दिवसापासूनचा आहे. त्यासाठी वीस वर्षं मोजत बसायची गरज नाही. वीस वर्षांचा हिशेब १५व्या कलमाचा. नात्यात किंवा वाटणीत नसलेल्या शेजाऱ्याला उजेड, हवा, टेकू, पाण्याची वाट असा हक्क नुसत्या वहिवाटीने मिळवायचा असेल तर ती वहिवाट सलग, बिनअडथळा आणि हक्क म्हणून वीस वर्षं चाललेली असावी लागते. परवानगी मागून केलेली गोष्ट वीस काय, चाळीस वर्षं चालली तरी वहिवाटीचा हक्क होत नाही. ‘‘काका, तुळई ठेवू का तुमच्या भिंतीवर?’’ ‘‘ठेव रे,’’ इतक्यावर चाललेला तो परवाना. मात्र परवानगीच्या भरवशावर एखाद्याने खर्च करून पक्कं काम केलं असेल, तर ६०वं कलम ती परवानगी सहजासहजी मागे घेऊ देत नाही. काकांच्या मुलाला हे माहीत नसतं. तो ‘‘बाबा हो म्हणाले असतील, मी नाही’’ म्हणून मोकळा होतो.

दुरुस्तीचा प्रश्न २४व्या कलमात येतो. ज्याला टेकूचा हक्क आहे, त्याची ती भिंत ढासळली, तर तो शेजाऱ्याच्या जागेत शिरून ती दुरुस्त करू शकतो; कायद्यात हे उदाहरणच दिलेलं आहे. अट अशी की शेजाऱ्याला कमीत कमी त्रास होईल अशा वेळी आणि अशा रीतीने काम करायचं, आणि झालेली मोडतोड शक्य तितकी भरून द्यायची. २५व्या कलमाप्रमाणे हा खर्च हक्क वापरणाऱ्याचा. आणि २७वं सांगतं की ज्याच्या जागेवर हक्क आहे तो आडवा येऊ शकत नाही, पण त्याने स्वतः काही करून दिलंच पाहिजे असंही नाही. वाद इथेच असतो. एक म्हणतो ‘तू बांधून दे’, दुसरा म्हणतो ‘माझ्या अंगणात पाय ठेवायचा नाही’. कायद्याच्या मोजमापाने दोघेही चूक.

टेकू मिळाला, पण आडोसा मिळतो का? पाडलेल्या घराने आजवर दिलेला पावसापासूनचा आडोसा हाही हक्क आहे का? हाच प्रश्न इंग्लंडमध्ये वॉरिक गावच्या दोन चिकटलेल्या घरांवरून वरच्या न्यायालयात गेला होता. १९६२ साली एक जुनं घर पाडलं गेलं आणि त्याला चिकटून बांधलेल्या शेजारच्या घराची बाजूची भिंत उघडी पडली. तिला बाहेरून गिलावा नव्हता, सांधे भरलेले नव्हते. भरायला जागाच कधी नव्हती. पाणी मुरलं, थंडीत गोठलं, तडे गेले. लॉर्ड डेनिंग यांच्या न्यायालयाने सांगितलं की हवामानापासून आडोसा मिळण्याचा सुविधाधिकार असा काही नसतो. नाहीतर कोणालाच आपलं घर पाडता येणार नाही. पुढे २००१ साली तिथल्याच अपील न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात वेगळी वाट धरली: घर पाडायचा तुमचा हक्क अबाधित, पण पाडताना शेजाऱ्याची उघडी पडणारी भिंत पावसापासून वाचवण्याची वाजवी काळजी घेणं तुमचं कर्तव्य. हे निकाल आपल्या न्यायालयांना बंधनकारक नाहीत. पण ओट्यावर बसून मिटवायचं असेल तर दुसऱ्या निकालातलं तत्त्व दोन्ही बाजूंना पटण्यासारखं आहे. ज्याने उघडी पाडली त्याने झाकण्याचा खर्च करावा. भिंत मुळातच कमकुवत असेल आणि दोघांचे वासे तिच्यावर असतील, तर मजबुतीचा खर्च अर्धा-अर्धा. आणि कोणाला तिच्यावर वरचा मजला चढवायचा असेल तर तो जादा खर्च त्याचा. शेवटचा नियम फ्रान्सच्या १८०४च्या दिवाणी संहितेतही आहे. त्याच संहितेत असंही आहे की खर्च नको असेल तर भिंतीवरचा हक्क सोडून द्या आणि मोकळे व्हा, पण तुमचं घर त्या भिंतीवर टेकलेलं असेल तर ही पळवाट नाही.

आता पागोळी. भिंतीइतकीच भांडणं पागोळीने लावली आहेत. इकडे पक्का समज असा की ‘पागोळी पडते तिथपर्यंत जागा माझी’. वळचणीखालची ती हात-दीड हात पट्टी दोन्ही घरं आपली म्हणतात, तिथेच सरपण रचतात, तिथेच बोळ अडतो. कायद्याचं म्हणणं वेगळं. शेजाऱ्याच्या जमिनीवर आपल्या छपराचं पाणी पाडण्याचा हक्क असू शकतो, पण पाणी पाडण्याचा हक्क म्हणजे जमिनीची मालकी नव्हे. शिवाय २३व्या कलमातलं उदाहरण असं की पागोळीचा हक्क असला म्हणून छपराची कड आणखी पुढे सरकवून शेजाऱ्यावर जास्त भार टाकता येत नाही. कौलं काढून पत्रे टाकणाऱ्यांनी हे वाचण्यासारखं आहे. कौलांवरून पाणी रेंगाळत, धारधार पडतं. पत्र्यावरून तेच पाणी वेगाने आणि लांब उडतं. स्लॅब टाकला तर सगळ्या गच्चीचं पाणी एका तोटीतून येतं, आणि ती तोटी शेजाऱ्याच्या कौलांवर सोडली असेल तर एका पावसाळ्यात खालचे वासे कुजतात. पन्हळ लावून, पाइपने पाणी खाली आपल्याच गटारात उतरवण्याचा खर्च कोर्टाच्या पहिल्या दोन तारखांपेक्षा कमी येतो.

भिंत कोणाची हे ठरवायचं तर आधी भिंतीलाच विचारावं. जुने सुतार-गवंडी कोनाडे कुठल्या बाजूला आहेत ते बघतात. भिंतीच्या जाडीत कोरलेली देवळी, दिव्याचा कोनाडा, बांधतानाच बसवलेल्या खुंट्या ज्या बाजूला, त्या बाजूच्याने भिंत बांधली असण्याची शक्यता जास्त. दोन्ही बाजूंना असतील तर ती सामाईक. तुळयांची टोकं बघावीत: भिंतीच्या पूर्ण जाडीवर बसली आहेत, की दोन्हीकडून येऊन मध्यावर भेटली आहेत? जोत्याचा दगड कुठल्या घराच्या जोत्याशी सलग जुळतो? मातीचा रंग आणि विटांचा आकार कुठल्या घराशी जमतो? हा कोर्टातला अंतिम पुरावा नाही, पण कोर्टाने पाहणीसाठी कमिशनर पाठवला तर तोही नोंदवणार ते हेच.

कागदांबाबत गैरसमज जास्त. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. लोक दाखवतात तो ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, म्हणजे कर आकारणीची नोंद, आणि घरपट्टीच्या पावत्या. घर कोणाच्या ताब्यात आहे आणि कर कोण भरतो इतकंच त्यातून समजतं. मालकीचा तो दाखला नव्हे, असं न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. त्यात भिंतीची जाडी तर नसतेच. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेने हे चित्र बदलायला घेतलं. भारतीय सर्वेक्षण विभागाचे ड्रोन गावठाणावरून उडतात, आणि भूमी अभिलेख खातं त्यावरून नकाशा आणि मिळकत पत्रिका तयार करतं. महाराष्ट्रात याची पहिली चाचणी पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी झाली होती.

पण ड्रोनला दिसतं ते छप्पर. भिंत छपराखाली असते. एका आढ्याखाली दोन भाऊ राहत असतील तर आकाशातून ते एकच घर. म्हणून उड्डाणाआधी जमिनीवर चुन्याच्या रेषा मारायच्या असतात, आणि मग जागेवर चौकशी होते. त्या दिवशी घरी कोण आहे, यावर पुढच्या पन्नास वर्षांची रेष ठरते. चुना मारताना दोघांनी एकत्र उभं राहावं आणि चौकशीत ‘मधली भिंत सामाईक, दोघांचे वासे तिच्यावर’ असं लेखी द्यावं. एकाने एकट्याने पागोळीपर्यंत चुना ओढला आणि दुसरा मुंबईत होता, तर नवा नकाशा जुन्या भांडणाला नुसता सरकारी शिक्का मारून देतो. ज्यांच्या पत्रिका आधीच हातात आहेत त्यांनी त्यावरचा नकाशा भिंतीशेजारी उभं राहून एकदा ताडून घ्यावा.

दुरुस्तीच्या कामात गवंड्याचं ज्ञान कायद्याइतकंच लागतं. उघड्या पडलेल्या मातीच्या भिंतीवर सरळ सिमेंटचा गिलावा चढवतात, आणि तो पहिल्या वर्षी देखणा दिसतो. सिमेंट मातीला नीट धरत नाही. त्यात बारीक भेगा पडतात, भेगेतून पाणी आत जातं आणि बाहेर पडायला वाट नसते. दुसऱ्या पावसाळ्यात आतली माती चिखल होऊन गिलाव्याचा अख्खा तुकडा सुटून येतो. त्यापेक्षा बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्या ठोकून त्यावर पत्रा लावावा, पत्रा आणि भिंत यांत दोन बोटांची फट ठेवावी आणि वर छपराची कड त्यावर आणावी. भिंत वाळती राहते आणि कामही एका दिवसाचं.

नव्या घराचा पाया खणतानाचा धोका मोठा. जुन्या भिंतीचा पाया उथळ असतो, दोन-तीन फुटांचा. तिच्या कडेला नवा खड्डा सलग आणि त्याहून खोल खणला की जुनी भिंत नव्या खड्ड्यात सरकते. तीन-चार फुटांचा तुकडा खणायचा, भरायचा, मग एक सोडून पुढचा, असं टप्प्याटप्प्याने काम करणारा गवंडी महाग वाटतो. नवी भिंत जुनीच्या अगदी जवळ बांधली तर दोन्हींत चार-सहा इंचांची फट राहते, तिथे ना हात जातो ना झाडू. तिच्या तोंडावर वरून पत्र्याची पट्टी बसवलीच पाहिजे. नाहीतर पाणी तिथे साचून दोन्ही भिंती आतून ओल्या करतं. जोतं उंच केलं असेल तर भरावाची माती शेजाऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवायची नाही. आणि काम सुरू होण्याआधी असलेल्या प्रत्येक तड्यावर सिमेंटचा छोटा ठिपका लावून तारीख टाकावी. ठिपका फुटला तर तडा वाढतोय, नाही फुटला तर तो जुनाच. असा एक ठिपका ‘तुझ्या खोदकामाने माझी भिंत फुटली’ या वादाचं निम्मं काम करून टाकतो.

धुराचा विषय वरवर किरकोळ, पण त्यात चीड जास्त. जुन्या कौलारू घराला धुराडं लागायचंच नाही. चुलीचा धूर माळ्यावर चढायचा, कौलांच्या सांध्यांतून हळूहळू बाहेर पडायचा, आणि जाता जाता वाशांना आणि बांबूंना काजळीचा थर देऊन कीड लांब ठेवायचा. पत्रे आणि स्लॅब आल्यावर ही वाट बंद झाली. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅस आला, तरी भाकरीची आणि न्हाणीतली पाणी तापवायची चूल गेली नाही. ती परसात, नेमकी शेजाऱ्याच्या भिंतीला टेकून असते. वर एक पत्र्याचा पाइप. शेजाऱ्याने घर वाढवून खिडकी काढली की पाइपाचं तोंड आणि खिडकी समोरासमोर येतात.

उपाय कायद्याआधी लोहारकामाचा आहे. धुराड्याचं तोंड आपल्या आढ्याच्या वर दोन-तीन फूट गेलं पाहिजे. बाजूला उंच भिंत असेल तर वारा तिच्यावर आपटून खाली वळतो आणि धूर पाइपातूनच चुलीत परततो. मग उंची वाढवायची किंवा जागा बदलायची. पाइप लाकडी वाशांपासून लांब ठेवायचा. छपरातून जिथे बाहेर पडतो तिथे पत्र्याची कॉलर बसवायची, नाहीतर पावसाळ्यात तिथूनच गळतं आणि ते पाणी मधल्या भिंतीवर उतरतं. वर्षातून दोनदा काजळी झाडायची. आणि सामाईक भिंतीत भोक पाडून धुराडं काढायचं तर दुसऱ्याची लेखी संमती हवीच. चुलीची धग सतत लागणाऱ्या भागात मातीची भिंत तडकते. तिथे पक्क्या विटांची आडभिंत उभी करून मध्ये हवेची फट सोडली की काम होतं.

सुविधाधिकार कायद्याचं ७वं कलम सांगतं की आपल्या जमिनीवर येणारी हवा दुसऱ्याने अवाजवी दूषित करू नये हा प्रत्येक मालकाचा नैसर्गिक हक्क आहे. ‘अवाजवी’ या शब्दावर सगळं तोललेलं. सकाळ-संध्याकाळ भाकरीचा धूर अवाजवी ठरवून घेणं अवघड. पण २८व्या कलमात एक मजेची तरतूद आहे: वहिवाटीने धूर सोडण्याचा हक्क मिळाला असेल तर तो वहिवाट सुरू झाली तेव्हा होता तितक्याच धुरापुरता. आजीच्या चुलीची वहिवाट नातवाच्या ढाब्याच्या भट्टीला उपयोगी पडत नाही. मुंबई-नाशिक महामार्गाच्या कडेने आसनगाव ते कसारा घरांची खानावळ करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

भांडण वाढलं की पाय वळतात ते पोलीस ठाण्याकडे. तिथे एनसी लिहून घेतात, फार तर चॅप्टर केस होते. लोक अजूनही त्याला ‘१०७ केली’ म्हणतात, जरी १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेत त्याचा आकडा १२६ झाला आहे. त्याने माणसं गप्प होतात, भिंत दुरुस्त होत नाही. तहसीलदारांकडे गेलं तर तेही घराच्या भिंतीची मालकी ठरवू शकत नाहीत. ते दिवाणी न्यायालयाचं काम. मात्र भिंत कोसळून शेजारी राहणाऱ्यांच्या किंवा वाटेने जाणाऱ्यांच्या जिवाला धोका असेल, तर कार्यकारी दंडाधिकारी म्हणून ते नव्या संहितेच्या १५२व्या कलमाखाली ती उतरवण्याचा किंवा दुरुस्त करण्याचा आदेश काढू शकतात. हा अधिकार फारसा कोणी मागत नाही, मागायला हवा.

शहापूर आणि मुरबाड दोन्हीकडे दिवाणी न्यायालय, कनिष्ठ स्तर आहे. तिथे मनाईचा दावा लावला की पहिला हुकूम बहुधा ‘जैसे थे’. मेच्या शेवटी, छप्पर उघडं असताना जैसे थे मिळवणं म्हणजे उघडी भिंत कायद्याच्या संरक्षणात पावसाखाली उभी करणं. जिंकणाऱ्याचंही घर त्यात भिजतं. दावा लावायचाच असेल तर पहिल्याच अर्जात पाहणीसाठी कोर्ट कमिशनर मागावा आणि तात्पुरत्या दुरुस्तीची परवानगीही मागावी.

त्याआधीची पायरी गावातच आहे. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना. ग्रामसभेने समिती निवडायची, दिवाणी, महसुली, फौजदारी तंट्यांची नोंद ठेवायची, सामोपचाराने मिटवायचे, आणि गाव तंटामुक्त झालं तर लोकसंख्येनुसार रोख बक्षीस. बक्षिसाच्या वर्षांत समित्या जोरात होत्या, नंतर बऱ्याच ठिकाणी अध्यक्षाच्या नावाचा फलकच उरला. तरी भिंतीच्या भांडणाला ही समिती उपयोगी पडते, कारण तिच्यातले चार लोक ते घर लहानपणापासून ओळखतात. मराठेशाहीतली गोतसभाही याच जोरावर चालायची: पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारी यांच्या समक्ष निवाडा व्हायचा आणि महजरावर, म्हणजे निवाड्याच्या कागदावर, हजर असलेल्यांची नावं आणि निशाण्या पडायच्या. एक फरक आहे. त्या काळी जिंकणाऱ्यालाही हरकी भरावी लागे आणि हरणाऱ्याला गुन्हेगारी. म्हणजे दोघांच्याही खिशाला चाट.

समितीपुढच्या तडजोडीला स्वतःहून हुकूमनाम्याची ताकद नसते. तिला ती ताकद लोकअदालत देते. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज केला तर दावा न लावताही, दाखलपूर्व प्रकरण म्हणून, ते लोकअदालतीपुढे ठेवता येतं. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या २१व्या कलमाने तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का, आणि त्यावर अपील नाही. दावा आधीच लावलेला असेल तर भरलेली कोर्ट-फीही परत मिळते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसं आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतले लोक यांना वकील फुकट मिळतो; १५१०० या क्रमांकावर विचारता येतं.

कागदावर काय लिहायचं ते आधी गावात ठरवावं. दोन्ही घरांचे क्रमांक. भिंतीची लांबी, उंची, जाडी त्या दिवशी टेपने मोजून. दोन्ही बाजूंचे फोटो. काम कोणतं, गवंडी कोणाचा, वीट-वाळूचा खर्च कोणाकडे किती, अंगणातून ये-जा किती दिवस, राडारोडा कोण उचलणार, मध्येच वळीव आला तर ताडपत्री कोणाची. पाण्याचा पाइप कुठे उतरणार. आणि एक ओळ न विसरता: ‘या दुरुस्तीमुळे कोणाही पक्षाच्या मालकीहक्काला बाध येणार नाही.’ ही ओळ घातली की मोठ्यात मोठा हट्टी माणूसही सही करतो, कारण दुरुस्तीला हो म्हटलं म्हणजे भिंत दिली असं होईल, ही त्याची खरी भीती असते. पाचशेच्या स्टँपवर हे पुरे. पण अर्धी भिंत किंवा तिच्याखालची जागा खरंच एकाने दुसऱ्याला देऊन टाकायची असेल तर नोटरीचा शिक्का चालत नाही, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी लागते.

सही कोणाची हाही मुद्दा आहे. घर आजोबांच्या नावावर असेल तर वारस फक्त गावात राहणारा मुलगा नव्हे. बहिणी वारस असतात, आणि हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क जन्मतः मुलाइतकाच आहे. लग्न होऊन टोकावड्याला किंवा वासिंदला गेलेल्या आत्याची सही राहिली, तर कागद अर्धाच.

आणि शेजारचं घर कुलूपबंद असेल तर? हल्ली हे निम्म्या आळीचं चित्र आहे. मालक डोंबिवलीत, फोन उचलत नाही, भिंत मात्र झुकते आहे. अशा वेळी पोचपावतीच्या टपालाने पत्र पाठवावं: भिंतीची स्थिती, फोटो, अंदाजे खर्च, अमुक तारखेला काम सुरू करत आहे, हरकत असल्यास त्याआधी कळवावं. पत्राची एक प्रत ग्रामपंचायतीत देऊन आवक क्रमांक घ्यावा. तेच फोटो व्हॉट्सॲपवरही पाठवावेत, आणि फोन बदलला तरी ते पुसू नयेत. मग फक्त टेकूपुरतं काम करावं. कुलूप तोडू नये, त्याच्या बाजूचा कोनाडा बुजवू नये, भिंत इंचभरही त्याच्याकडे सरकवू नये. गवंड्याची मजुरी, विटांच्या गाडीचं चलन, सिमेंटची बिलं जपून ठेवावीत. सामाईक भिंतीवरच्या खर्चातला त्याचा वाटा मागायचा असेल तर तीन वर्षांच्या आत मागावा लागतो, आणि तेव्हा न्यायाधीश आधी बघतील ती हीच बिलं.